आपोआप दुरुस्ती आणि तिचा लगाम

१५ जानेवारी १९९० हा सोमवार होता. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी, म्हणजे घरोघरचे लोक निवांत फोनला लागलेले. दुपारी अडीचच्या सुमारास न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टर गावी एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीच्या नियंत्रण कक्षात भिंतीवरचे पडदे लाल व्हायला लागले. एक नाही, दोन नाही, देशभरातली एक्सचेंजेस पटापट 'मी सध्या बंद आहे' असे सांगू लागली. थोड्या वेळाने 'मी पुन्हा चालू झालो' असेही सांगू लागली, आणि लगेच पुन्हा बंद. हा खेळ नऊ तास चालला. त्या काळात या कंपनीच्या लांब पल्ल्याच्या जाळ्यावरून लावलेले निम्मे-शिम्मे फोन लागलेच नाहीत.

सुरुवातीला संशय अर्थातच हॅकर मंडळींवर गेला. पण चोर घरातलाच निघाला. त्या एक्सचेंजना कोणी पाडले नव्हते. ती स्वतःला दुरुस्त करत होती, आणि त्या दुरुस्तीपायीच पडत होती!

या घटनेवर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. कारण आमच्या धंद्यात आज ज्याला 'ऑटो-रेमेडिएशन' म्हणतात, म्हणजे सर्व्हरना काही झाले की माणसाला न उठवता त्यांना आपोआप बरे करणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीज, त्यांचा सगळा इतिहास या एका दुपारीत बीजरूपाने आहे. लायब्ररी म्हणजे इथे ग्रंथालय नव्हे बरं का. दुसऱ्या कोणी आधीच लिहून, तपासून ठेवलेल्या तयार प्रोग्रॅमचा संच. आपण त्याला फक्त सांगायचे, की अमुक लक्षण दिसले तर तमुक उपाय कर. सर्व्हर उत्तर देत नाही? प्रोग्रॅम पुन्हा सुरू कर. तरी नाही? यंत्रच बंद करून चालू कर. तरीही नाही? त्याचे काम दुसऱ्या यंत्राकडे दे. वाचायला सोपे वाटते. पण ही लायब्ररी लिहिताना खरी अक्कल उपाय लिहिण्यात लागत नाही. उपाय थांबवायचा कधी, हे लिहिण्यात लागते. ही अक्कल कोणाला आधी सुचली नाही, एकेका आपटण्यातून ती आली.

जरा मागे जाऊ.

१९६५ साली न्यू जर्सीतल्याच सकासुना नावाच्या गावात बेल सिस्टिमने पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज चालू केले. त्याचे नाव नंबर वन ईएसएस. त्याआधीची एक्सचेंजेस खटखट वाजणारी, फिरत्या-सरकत्या भागांची. आपल्याकडेही कित्येक वर्षे तीच होती. त्यांच्या आवाजाची आठवण पोस्ट-तार खात्यातल्या जुन्या मंडळींना असेल. त्यातला एखादा भाग अडकला तर दोन-चार लोकांचे फोन अडायचे, सगळ्या गावाचे नाही. नव्या एक्सचेंजमध्ये मात्र हजारो लोकांचे फोन एकच संगणक जोडणार होता. तो पडला की अख्खे गाव मुके.

म्हणून बेल लॅब्जच्या लोकांनी एक उद्दिष्ट ठरवले, जे आजही वाचताना भुवया उंचावतात: चाळीस वर्षांत मिळून फक्त दोन तास बंद! त्यासाठी संगणक दोन ठेवले. दोघे तेच काम एकदम करायचे आणि एकमेकांची उत्तरे ताडून बघायचे. फरक पडला की चूक कोणाची ते शोधून आजाऱ्याला बाजूला काढायचे. मग एक्सचेंज स्वतःच्या तपासण्या करून टेलिप्रिंटरवर एक आकडा छापायचे. तंत्रज्ञाने एक जाडजूड कोश उघडायचा, त्यात तो आकडा शोधायचा आणि तिथे लिहिलेले सर्किट बदलायचे. म्हणजे निदान यंत्राचे, हात माणसाचे. स्मृतीत गडबड झाली असेल तर उपाय पायरी-पायरीने चढत जायचा. आधी थोडेसेच पुसून बघा, भागले नाही तर जास्त पुसा, आणि अगदीच इलाज नसेल तेव्हा चालू संभाषणे तोडून सगळे नव्याने सुरू करा. आजच्या लायब्ररीज हेच करतात. साठ वर्षांत फक्त कोश गेला आणि तंत्रज्ञही गेला.

आता १९९०. तोवर एटी अँड टीच्या लांब पल्ल्याच्या जाळ्यात फोर ईएसएस जातीची ११४ एक्सचेंजेस होती. त्या दुपारी मॅनहॅटनमधल्या एकाला बारीकसा त्रास झाला. नियमाप्रमाणे त्याने शेजाऱ्यांना 'मला फोन पाठवू नका' असे कळवले, चार-सहा सेकंदांत स्वतःला सावरले आणि पुन्हा कामाला लागले. इथवर सगळे शहाण्यासारखे झाले. पूर्वीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते 'मी आलो' असा वेगळा निरोप पाठवत असे. डिसेंबर १९८९ मध्ये केलेल्या सुधारणेनुसार तो निरोप रद्द झाला होता. आता शेजाऱ्याकडून नवा फोन आला, म्हणजे शेजारी बरा झाला असे समजून आपल्या नोंदवहीत बदल करायचा. वेळ वाचावा म्हणून केलेली ही सुधारणा.

पण तो बदल लिहीत असतानाच, सेकंदाच्या शंभराव्या भागात, दुसरा फोन आला तर? तिथे सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये 'ब्रेक' ही आज्ञा चुकीच्या जागी पडली होती. तिच्यामुळे वही लिहिता लिहिता बिघडे. बिघाड झाला हे शेजारच्या एक्सचेंजला लगेच कळे (तपासणी चोख होती!), आणि तेही नियमाप्रमाणे स्वतःला बंद करून चार-सहा सेकंदांत सावरून परत येई. परत येताच साठलेले फोन धडाधड पुढच्या शेजाऱ्यांना पाठवी. मग ते पडत. ते उठले की यांना पाडत. ११४ च्या ११४ एक्सचेंजेसमध्ये तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे जोडीचा राखीव संगणकही तसाच पडे. एकाला सर्दी झाली तर दुसरा कामावर येईल ही योजना, दोघांना एकाच रोगाची ओढ असेल तर काय कामाची?

अभियंत्यांनी एक्सचेंज सावरायचे नेहमीचे उपाय करून पाहिले, पण फरक पडला नाही. शेवटी त्यांनी एक्सचेंजेसमधल्या निरोपांची गर्दी कमी केली. निरोप विरळ झाले, शंभरावा भाग सेकंदाचा योग जुळेनासा झाला, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास जाळे शांत झाले. नंतर जुने सॉफ्टवेअर परत घातले. हा उपाय लक्षात ठेवा: काही नवे करण्यापेक्षा आधी गर्दी कमी करणे. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

मधल्या काळात कॅलिफोर्नियात दुसरी एक शाखा वाढत होती. क्युपर्टिनो इथे १९७४ साली जिमी ट्रायबिग यांनी टँडम नावाची कंपनी काढली. बँका आणि शेअर बाजार यांच्यासाठी न थांबणारे संगणक बनवणे हाच तिचा धंदा. एका कपाटात अनेक प्रोसेसर, आणि प्रत्येकाने ठरावीक वेळाने इतरांना 'मी जिवंत आहे' असे सांगायचे. तो आवाज थांबला की त्याचे काम जोडीदाराने उचलायचे. या कंपनीतल्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये 'संगणक का थांबतात?' अशा अर्थाचा एक अहवाल लिहिला. त्यांनी ग्राहकांकडच्या खऱ्या बिघाडांची मोजदाद केली. यंत्राचे बिघाड १८ टक्के, सॉफ्टवेअरचे २५ टक्के, आणि माणसांनी केलेल्या देखभालीतून आणि हाताळणीतून आलेले तब्बल ४२ टक्के! म्हणजे दुरुस्त करायला येणारा माणूसच सर्वात मोठे कारण. (हे जिम ग्रे २००७ साली आपल्या आईच्या अस्थी समुद्रात सोडायला सॅन फ्रान्सिस्कोहून एकटे होडी घेऊन गेले, ते परतलेच नाहीत. जगभरच्या संगणकवाल्यांनी उपग्रहाची चित्रे पाहून त्यांना शोधायचा प्रयत्न केला. असो.)

ग्रे यांच्या आकड्यांवरून उघड निष्कर्ष निघतो, की माणसाला यातून काढा. आणि पुढच्या वीस वर्षांत काढायची गरजही निर्माण झाली. महाजालाच्या कंपन्यांनी टँडमसारखी महागडी यंत्रे न घेता साधे स्वस्त पीसी हजारोंनी घेतले. साधा हिशोब करा. एक यंत्र सरासरी तीन वर्षांतून एकदा बिघडते असे धरले, तर हजार यंत्रांत रोज एक बिघडणार, दहा हजारांत रोज नऊ-दहा. रोज दहा वेळा माणसाला धावायला लावायचे तर पगारातच दिवाळे.

मात्र यंत्राकडे निर्णय सोपवला, की पहिलाच प्रश्न अडतो: मेला म्हणजे काय? 'मी जिवंत आहे' हा आवाज थांबला म्हणजे यंत्र मेले, की फक्त मधली तार तुटली? आपल्याकडे गावाकडे असे किस्से असतात. माणूस पंधरा वर्षे परागंदा, मेला समजून सातबाऱ्यावर वारसांची नावे चढली, आणि एके दिवशी स्वारी दारात हजर! आता जमीन कोणाची? संगणकांच्या गटात हे झाले तर दोन यंत्रे एकाच वेळी स्वतःला मालक समजून एकाच डिस्कवर लिहू लागतात आणि माहितीचा चिवडा होतो. लिनक्सच्या क्लस्टरवाल्यांनी यावर काढलेल्या उपायाचे नाव स्टोनिथ. इंग्रजी आद्याक्षरे जोडून केलेल्या या नावाचा अर्थ 'दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला'. म्हणजे वारसाने सातबाऱ्याला हात लावण्यापूर्वी आधीचा मालक नक्की गेला आहे याची स्वतःच खात्री करायची, त्याची वीज तोडून. क्रूर आहे, पण बरोबर आहे.

याच सुमाराचा दुसरा लगाम अमेरिकेतला नव्हे, स्वीडनचा. एरिक्सन कंपनीने आपल्या एक्सचेंजसाठी अर्लांग ही भाषा केली आणि १९९८ मध्ये ती सर्वांना खुली केली. तिच्याबरोबरच्या ओटीपी या लायब्ररीत 'सुपरवायझर' नावाचा एक भाग आहे. तो हाताखालच्या प्रोग्रॅमवर नजर ठेवतो, पडला की पुन्हा उभा करतो. पण त्याला सांगून ठेवावे लागते, की अमुक सेकंदांत अमुक वेळाच उभा कर. त्याहून जास्त वेळा पडला, तर हात टेक, स्वतः बंद हो, आणि वरच्या सुपरवायझरला कळू दे. कॅलिफोर्नियात जन्मलेले व्हॉट्सअ‍ॅप याच अर्लांगवर उभे राहिले. तुमच्या सकाळच्या 'शुभ प्रभात' फुलांमागे हा सुपरवायझर असतो.

२००२ च्या सुमारास बर्कलीचे डेव्हिड पॅटरसन आणि स्टॅनफर्डचे आर्मांडो फॉक्स यांनी एक वेगळीच भूमिका मांडली. बिघाड टाळण्यात शक्ती घालवू नका, ते होणारच. लवकर सावरण्यात घाला. बंद करून पुन्हा चालू करणे हा घराघरातला उपाय त्यांनी प्रतिष्ठेला नेला. मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्व्हरसाठी ऑटोपायलट नावाची यंत्रणा केली, तिचे वर्णन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात उपाय चारच. काही करू नका; बंद करून चालू करा; सगळे सॉफ्टवेअर नव्याने भरा; यंत्र बदला. मला त्यातला पहिला फार आवडतो. 'काही करू नका' हा यादीतला अधिकृत उपाय! आपल्या जुन्या फॅमिली डॉक्टरांची आठवण होते: दोन दिवस बघू, उतरेल ताप.

मग फेसबुक. तिथे एफबार नावाची यंत्रणा झाली. सर्व्हरवर धोक्याची घंटा वाजली, की ती स्वतः जाऊन तपासते, उपाय करते, आणि जमले नाही तरच माणसासाठी नोंद करते. २०११ मध्ये तिथल्या अभियंत्यांनी लिहिले होते, की ती सांभाळायला दोन अभियंते पुरतात आणि ती सुमारे दोनशे माणसांचे काम करते. हे वाक्य अमेरिकेत कौतुकाने वाचले गेले. पण ते हिंजवडीत बसून वाचले तर? घंटा वाजली, लॉगिन केले, सर्व्हिस पुन्हा सुरू केली, नोंद बंद केली: पुण्या-मुंबईतल्या किती मुलांनी रात्रपाळीला हेच काम करून घराचे हप्ते फेडले. 'सपोर्ट' म्हणून हिणवले जाणारे ते काम. ते काम करता करता यंत्राची नाडी कळायची आणि त्यातूनच पुढे चांगले अभियंते घडायचे. ब्रिटनच्या लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच हा तिढा दाखवून दिला होता. सोपे काम यंत्राला दिले, की माणसाच्या वाट्याला फक्त सर्वात अवघड प्रसंग उरतात, आणि सराव तर सुटलेला असतो.

असे अवघड प्रसंग यायला वेळ लागला नाही. २३ सप्टेंबर २०१० ला फेसबुक अडीच तास बंद पडले. त्याआधीच्या चार वर्षांत एवढे कधी पडले नव्हते. त्यांच्याकडे एक व्यवस्था होती. जवळच्या तात्पुरत्या साठ्यात एखादी सेटिंग चुकीची दिसली, तर मूळ डेटाबेसमधून बरोबर सेटिंग आणून ती सुधारायची. साठा चुकला तर हे ठीक. पण त्या दिवशी मूळ सेटिंगच चुकीची बनली. झाले! प्रत्येक यंत्राला ती चूक दिसली आणि प्रत्येक जण सुधारायला डेटाबेसकडे धावला. सेकंदाला लाखो प्रश्न. डेटाबेस गुदमरला, उत्तराऐवजी एरर देऊ लागला. आणि एरर म्हणजेही सेटिंग चुकीची असा अर्थ लावून यंत्रे पुन्हा सुधारायला धावली. मूळ चूक दुरुस्त केल्यानंतरही हे चक्र थांबेना. शेवटी अख्खी साइट बंद करून डेटाबेसला श्वास घेऊ दिला, मग हळूहळू लोकांना आत सोडले. आणि ती आपोआप सुधारणारी व्यवस्था बंद करून टाकली. १९९० ची आठवण झाली ना? तिथेही गर्दी कमी केल्यावरच सुटका झाली होती.

पुढच्याच वर्षी, २१ एप्रिल २०११ ला, अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रात जाळ्याच्या कामात वाहतूक चुकून अरुंद मार्गावर वळली. तिथे प्रत्येक डिस्कची एक प्रत दुसरीकडे ठेवलेली असते. अनेक डिस्कांना एकदम वाटले, की आपली प्रत हरवली. जाळे परत येताच सगळ्या नवी प्रत करायला मोकळी जागा शोधू लागल्या. जागा संपली, तरी शोध चालूच. त्या विभागातल्या १३ टक्के डिस्का अडकून पडल्या, आणि ०.०७ टक्के कायमच्या गेल्या. टक्का छोटा वाटतो, पण त्यात ज्याचे होते त्याचे सगळेच गेले. यंत्राला एकट्याचा रोग आणि गावाची साथ यातला फरक कळत नाही. एक सर्व्हर गप्प असेल तर सर्व्हरला औषध द्यावे. निम्मे एकदम गप्प झाले तर बहुधा ते ठीक आहेत आणि तुमचा कानच बिघडला आहे. अशा वेळी हात मागे घ्यावा.

यानंतरच्या यंत्रणांमध्ये हा हात मागे घेणे नियमातच लिहिलेले दिसते. गूगलने २०१४ मध्ये खुले केलेले कुबरनेटिस आज फार ठिकाणी वापरतात. त्यात पडलेला प्रोग्रॅम पुन्हा उठवताना आधी दहा सेकंद थांबतात, मग वीस, मग चाळीस, असे वाढत नेहमीच्या मांडणीत पाच मिनिटांपर्यंत. तुमच्या गावाबाहेरच्या विजेच्या खांबावर असे उपकरण असू शकते: रिक्लोजर. तारेला फांदी लागून वीज गेली तर ते ठरावीक वेळा आपोआप जोडून बघते, आणि तरी दोष तसाच असेल तर तोडून गप्प बसते, लाइनमन येईपर्यंत. वीजवाल्यांना हे आमच्याआधी कितीतरी वर्षे कळले होते. आम्ही सॉफ्टवेअरवाले शेजाऱ्याला विचारत नाही, हा आमचा जुना दोष.

आणि सगळे शिकून झाले असे वाटावे तोच २० ऑक्टोबर २०२५ उजाडला. तुमच्याकडे नरक चतुर्दशी, दुपारचे सव्वाबारा. इथे पश्चिम किनाऱ्यावर आदली रात्र संपत आलेली. पुन्हा अ‍ॅमेझॉन, पुन्हा उत्तर व्हर्जिनिया. तिथल्या डायनॅमोडीबी या डेटाबेसचे पत्ते महाजालाच्या नाव-पत्त्याच्या वहीत लिहायचे काम एक स्वयंचलित यंत्रणा करते. एक प्रोग्रॅम योजना आखतो, आणि तीन वेगवेगळ्या विभागांतले तीन कारकून ती वहीत उतरवतात, म्हणजे एक पडला तरी अडायला नको. त्या रात्री एक कारकून फार रेंगाळला. त्याने जुनी योजना हातात घेतली तेव्हा ती चालण्याजोगी होती; पण उतरवीपर्यंत दुसऱ्याने नवी योजना लिहून टाकली होती. रेंगाळलेल्याने नवीवर जुनी लिहिली. दुसऱ्याने तेवढ्यात, जुन्या योजना साफ करायच्या नियमाप्रमाणे, तीच पुसली. पत्त्याचे पान कोरे! आणि अशा विचित्र अवस्थेत तिन्ही कारकुनांपैकी कोणालाच पुढची योजना उतरवता येईना. पान माणसांनी हाताने भरले, तेव्हा सुमारे अडीच तास झाले होते.

पान भरले तरी दुखणे संपले नाही. भाड्याने दिलेल्या यंत्रांची व्यवस्था बघणारा भाग साठलेले काम एकदम उरकायला गेला आणि त्या ओझ्याखालीच बसला. एक काम होईपर्यंत त्याची मुदत संपायची आणि ते पुन्हा रांगेत लागायचे. या प्रसंगासाठी ठरलेली कृती अशी नव्हतीच, असे कंपनीने नंतर स्वतःच लिहिले. अभियंत्यांनी येणारे काम रोखून धरले आणि काही यंत्रे निवडून पुन्हा सुरू केली, तेव्हा तो भाग उभा राहिला. मग गर्दी वाटून देणाऱ्या भागाचे आरोग्य तपासनीस बिथरले. नव्या यंत्रांपर्यंत जाळे पोचले नव्हते, म्हणून ती त्यांना कधी आजारी दिसत, कधी बरी, आणि त्याप्रमाणे ती रांगेतून काढली आणि परत घातली जात. चांगली यंत्रेही त्यात बाहेर पडू लागली.

इथल्या वेळेनुसार सकाळी साडेनऊनंतर अभियंत्यांनी ती आपोआप बाहेर काढण्याची सोयच बंद केली. यंत्रे रांगेत परतली आणि फोन-अ‍ॅप्स सावरू लागली. दुपारी दोननंतर ती सोय पुन्हा चालू केली. डायनॅमोडीबीच्या पत्त्यांची स्वयंचलित यंत्रणा मात्र कंपनीने जगभर थांबवली, दोष निघेपर्यंत. आणि गर्दी वाटणाऱ्या भागासाठी एक नवा नियम जाहीर केला: आरोग्य तपासणी काहीही सांगो, एका झटक्यात किती यंत्रे बाहेर काढायची याला मर्यादा राहील.